गाडीवरचं नाव

“फुल्ल आहे ना, मॅडम?”

हा प्रश्न मला जितक्यांदा विचारला गेला, तितक्यांदा “जेवलीस का?” हे माझ्या सख्ख्या आईनंही विचारलं नसेल. मी गाड्यांचे विमे उतरवायचे. नौपाड्यात एका पोळी-भाजी केंद्राच्या वरच्या माळ्यावर एका खोलीचं ऑफिस, दारावर ‘सौ. सुलभा प्रधान, विमा प्रतिनिधी’ ही पाटी आणि खालून अखंड येणारा फोडणीचा वास. “प्रधानबाईंच्या पॉलिसीला हिंगाचा वास येतो,” असं एक डोंबिवलीकर गिऱ्हाईक सगळीकडे सांगत फिरायचे. गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिना चढायला साफ नकार दिला आणि मी पाटी उतरवली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी “तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा” म्हटलं, तेव्हा कानात पहिल्यांदा तोच प्रश्न वाजला.

तर एकदाचं लिहूनच टाकते. फुल्ल, म्हणजे काहीही झालं तरी सगळे पैसे देणारा विमा, असं काही नसतं हो! गाडीचं प्लास्टिक आणि रबर फुटलं की जुनं झालं म्हणून निम्मेच पैसे देतात. पूर्ण हवे असतील तर आधी जादा हप्ता भरून तशी सोय घ्यावी लागते. गाडी पाण्यात बुडाली तर भरपाई आहे, पण त्याच पाण्यात उभ्या गाडीला तुम्ही “बघू तरी चालू होते का” म्हणून चावी फिरवलीत, तर इंजिन तुमच्या कर्मानं गेलं. हे मी दर वर्षी घसा कोरडा करून सांगायचे. माणसं मान डोलवायची आणि उठताना दारातून विचारायची, “पण तशी फुल्लच आहे ना?”

दुसरा घोळ ‘थर्ड पार्टी’चा. टेंभी नाक्यावरच्या एका गृहस्थांना ते थर्ड क्लाससारखं काहीतरी वाटायचं. “मला थर्ड नको, फर्स्टच द्या,” म्हणाले. मी त्यांना समोर बसवून सांगितलं, “पहिली पार्टी तुम्ही, दुसरी विमा कंपनी आणि तिसरा तो बिचारा, जो रस्त्यानं चालताना तुमच्या गाडीखाली येतो. त्याच्यासाठीचा विमा कायद्यानं घ्यावाच लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं, कुठल्याही कंपनीत जा, तेवढाच. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान हा वेगळा भाग. तो घ्यायचा की नाही ही तुमची मर्जी.” ते म्हणाले, “म्हणजे मी त्याचा हप्ता भरायचा? तो कोण लागतो माझा?”

त्या वेगळ्या भागाच्या दरातही एक गंमत होती. गाडीची नोंदणी मुंबईत असेल तर हप्ता जरा जास्त, ठाण्यात असेल तर जरा कमी. मधे काय, तर एक चेकनाका! मुलुंडची माणसं ठाण्यातल्या मेहुण्याचा पत्ता लावून गाडी नोंदता येईल का, असं हळूच विचारायची. मी म्हणायचे, “मेहुण्याला विचारलंत का? उद्या तो गाडीच मागेल.” ठाणेकरांना मात्र आपल्या एमएच-झिरो-फोरचा कोण अभिमान! कल्याण-डोंबिवलीचा झिरो-फाइव्ह पुढे दिसला की आमच्याकडचे ड्रायव्हर उगाच हॉर्न मारतात. मी ठाण्याची, तरी सांगते, माझी सगळ्यात चांगली गिऱ्हाइकं झिरो-फाइव्हचीच होती.

पण चेंदणी कोळीवाड्यातल्या जनाबाय त्याला अपवाद. त्यांचा मासळीचा टेम्पो. दर वर्षी हप्ता भरायला येताना पिशवीत काहीतरी ताजं असायचंच, कारण मी सीकेपी आहे हे त्यांना पाटीवरूनच कळलेलं. आणि दर वर्षी तोच वाद. “बाय, सालभर माज्या गारीला काय झालाच नाय. मंग मी पैशे कनाला दिले?” मी म्हणायचे, “जनाबाय, काही झालं नाही म्हणूनच तर बरं ना?” त्या पापलेट परत पिशवीत घालायचं नाटक करायच्या. शेवटी हप्ताही मिळायचा आणि पापलेटही. ते दिवस आठवले की अजून तोंडाला पाणी सुटतं.

डोंबिवलीचे ते हिंगवाले गृहस्थ मात्र अवघड. त्यांच्या नव्या गाडीचं वायरिंग उंदरानं कुरतडलं. भरपाईसाठी कारण लिहायचं होतं, तर हे ‘उंदीर’ लिहायला तयार होईनात. गणपती तोंडावर आलेले, आणि बाप्पाच्या वाहनावर आळ कसा घ्यायचा? मी समजावून थकले. शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘अज्ञात लहान प्राणी’. पाहणीला आलेला सर्व्हेअर अर्धा तास इंजिनात डोकं घालून बसला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, मुंगूस आहे का?”

तेव्हा असं हसायला वेळ असायचा. कार्बन लावून पॉलिसीच्या कच्च्या पावत्या लिहायच्या, साडीचा पदर खोचून गाडीखाली वाकायचं आणि कागदाच्या पट्टीवर पेन्सिल घासून चासी नंबरचा छाप घ्यायचा. नौपाड्यातल्या अर्ध्या गाड्यांची पोटं मी पाहिलेली आहेत. आता मोबाइलवर चार बटणं दाबली की विमा उतरतो, माणूस माणसाचं तोंडही पाहत नाही. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण त्या बटणांनी एक नवाच घोळ घातला आणि तोच मला सांगायचाय.

आमच्या गल्लीतच एक डॉक्टर होते. ते गेले. गाडी त्यांच्या नावावर. मुलानं भावनेपोटी नाव तसंच ठेवलं आणि दर वर्षी मोबाइलवरून विमा चालू ठेवला, वडिलांच्याच नावानं. बटणाला काय, मेलेला माणूस चालतो. मग घोडबंदर रोडला गाडी डिव्हायडरवर चढली आणि पार चेपली. भरपाई मागितली, तर कंपनी म्हणाली, विमा ज्यांच्याशी केलाय ते कुठे आहेत? विमा हा जिवंत माणसाशी केलेला करार असतो. माणूस गेला की चालू पॉलिसी फार तर तीन महिने टिकते आणि तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाही. तेवढ्यात गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. मुलाला दमडी मिळाली नाही. पॉलिसी माझ्याकडची नव्हती, तरी तो माझ्याच ऑफिसात येऊन ओरडला, “हप्ता घेताना बाबा चालले, देताना नाही चालत?” पोरगा खोटं बोलत नव्हता.

त्याच सुमारास मला कळलं, की टिटवाळ्याचे सोनावणे गेले.

अशोक सोनावणे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. कल्याणच्या कोळसेवाडीतल्या चाळीत संसार केला, जन्मभर दुसऱ्यांच्या खांबांवर चढले आणि निवृत्त झाल्यावर टिटवाळ्याला नव्या इमारतीत ब्लॉक घेऊन खाली एक छोटी पांढरी गाडी उभी केली. त्यांच्या सगळ्या खानदानातली ती पहिली गाडी. पहिल्या दिवशी निळी रिबीन लावून बायको-मुलीला घेऊन विहारात गेले आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. “जय भीम मॅडम. गाडी जन्माला आली, आता बारसं करा.”

त्यांना माझ्या धंद्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती म्हणजे ‘नो क्लेम बोनस’. वर्षभर तुम्ही भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी गाडीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी वीस टक्के, मग वाढत वाढत पन्नासपर्यंत. सोनावणे खो खो हसले. “काय सांगता! आमच्या खात्यात बोनससाठी मोर्चे काढावे लागायचे, आणि इथं नुसती गाडी हळू चालवली की बोनस?”

आणि चालवली की हो त्यांनी हळू! पत्रीपुलावर त्यांच्यामागे रिक्षांची रांग लागायची. मी एकदा त्यांच्या गाडीतून स्टेशनपर्यंत आलेली, तर एक रिक्षावाला बाजूनं जाताना ओरडला, “काका, गाडी ढकलत नेताय काय?” काका मजेत. मागच्या सीटवरून त्यांची बायको सुमनताई म्हणत होत्या, “अहो, जरा दाबा की! सायकलवाला पुढे गेला.” त्यावर हे गंभीरपणे म्हणाले, “त्याला बोनस नाही.”

दर वर्षी चिवड्याचा डबा घेऊन यायचे आणि बसायच्या आधी विचारायचे, “किती झाले?” पन्नास टक्के झाले त्या वर्षी मी त्यांना सांगितलं, की आता याच्या वर जात नाही. त्यांचा चेहराच पडला. “म्हणजे मी अजून हळू चालवली तरी?”

तर असे सोनावणे झोपेतच गेले. मी भेटायला गेले तेव्हा काही बोलायची वेळ नव्हती. पण पॉलिसीची मुदत दोन महिन्यांतच संपणार हे डोक्यात होतं, डॉक्टरांच्या मुलाचा आरडाओरडाही ताजा होता. त्यांची एकुलती एक मुलगी प्रज्ञा फिजिओथेरपिस्ट. आंबिवलीपासून डोंबिवलीपर्यंत म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते, आणि ते सगळं त्या गाडीच्या जिवावर. उद्या तिच्या हातून रस्त्यावर कुणाला लागलं आणि कंपनीनं मालक हयात नाही म्हणून हात वर केले, तर भरपाईपायी त्या दोघींचा तो ब्लॉकसुद्धा राहणार नव्हता.

मी प्रज्ञाला फोन केला. ती म्हणाली, “काकी, मला कळतंय. पण गाडी माझ्या नावावर करायची तर आईची सही लागते आणि आई विषयच काढू देत नाही. तुम्ही येऊन बघा.”

गेले. सुमनताईंनी चहा ठेवला. दारामागच्या खिळ्याला गाडीची चावी होती, शेजारी सोनावण्यांची टोपी. मी माझ्या परीनं सगळं समजावलं, तीन महिन्यांचा नियम, आरटीओ, वारस, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “मॅडम, रेशन कार्डावरून त्यांचं नाव काढलं. बँकेतून काढलं. लाइट बिलावरून काढलं. सोसायटीवाले आले, तिथून काढलं. जो येतो तो म्हणतो, नाव काढा. आता एवढी गाडी राहिलीय. खाली उतरले की वाटतं, आहेत. तिच्यावरून मी त्यांचं नाव काढणार नाही. तुम्ही तसाच विमा उतरवा.”

“तसा उतरत नाही, सुमनताई.”

“मोबाइलवर उतरतो. शेजारचा मुलगा म्हणाला.”

“अगं आई!” प्रज्ञा उठलीच. “उतरतो, पण तो खोटा असतो. किती वेळा सांगू?”

“खोटा तर खोटा. माझा नवरा खोटा होता का?”

प्रज्ञा रडायला लागली. त्याही रडायला लागल्या. मीही काही दगड नाही. त्या माणसाचा चिवडा मी इतकी वर्षं खाल्लेला. चहावर साय धरली तरी कुणी कपाला हात लावला नाही. मग मी आपली धंद्याचंच बोलले.

“सुमनताई, त्यांचा बोनस आठवतो का तुम्हाला?”

त्यांनी मान वर केली. “न आठवायला काय झालं? पन्नास झाले तेव्हा पेढे वाटले त्यांनी बिल्डिंगमधे.”

“तो बोनस गाडीचा नसतो बरं का. माणसाचा असतो. गाडी विकली तर गाडीबरोबर जात नाही, ज्यानं नीट चालवली त्याच्याकडेच राहतो.”

“मग गेला तोही. त्यांच्याबरोबर.”

“नाही गेला. माणूस वारला तर तो त्याच्या बायको-मुलांना मिळतो. तसा नियम आहे. गाडी प्रज्ञाच्या नावावर झाली, की त्यांचे ते पन्नास टक्के तिच्या पॉलिसीवर येतील. त्यांनी इतकी वर्षं सगळ्यांच्या शिव्या खात गाडी जपून चालवली ना, ते हिच्या नावावर लागेल.”

सुमनताई माझ्याकडे बघतच राहिल्या. “आणि नाही काढलं नाव, तर?”

“तर पॉलिसीबरोबर तोही संपेल. कुणालाच मिळणार नाही.”

मग सुमनताईंना एकदम हसू फुटलं, रडता रडताच. “आयुष्यभर ओरडले हो मी त्यांना. दाबा की, दाबा की. म्हणायचे, सुमे, पोरीसाठी कमावतोय. मला वाटायचं, चेष्टा करतायत.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “आण गं प्रज्ञा, कुठे सही करायची ते.”

कल्याण आरटीओत आम्ही तिघी गेलो. खिडकीतल्या माणसानं कागद उलटेपालटे केले आणि विचारलं, “यांचं नाव काढायचंय ना?” सुमनताईंनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, “हो. काढा.” पुढचे सोपस्कार झाले, पॉलिसी प्रज्ञाच्या नावानं निघाली आणि तीत पन्नास टक्के आले. मी तो आकडा सुमनताईंना बोट ठेवून दाखवला. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

हे इथेच संपलं असतं तर मी कशाला लिहिलं असतं! त्यानंतर प्रज्ञा वर्ष-दीड वर्ष अगदी बापासारखी गाडी चालवत होती. एकदा मागचा दिवा कुणीतरी फोडला, तर क्लेम नको म्हणाली. “काकी, तेवढ्यासाठी बाबांचा बोनस जाईल.” स्वतःच्या खिशातून दिवा बसवला.

मग एका दुपारी तिचा फोन आला. शीळफाट्याहून. मागे ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. “काकी, आम्ही दोघी ठीक आहोत. आईच्या हाताला थोडं खरचटलंय. पण गाडी गेली.” सिग्नलला उभ्या होत्या आणि मागून ब्रेक न लागलेला कंटेनर येऊन धडकला. मागची बाजू पार पुढच्या सीटला येऊन भिडली होती. सुमनताई नेहमी मागे बसायच्या. त्या दिवशी पाय दुखतो म्हणून पुढे बसल्या होत्या.

गाडी दुरुस्तीच्या पलीकडे होती. मालक जिवंत, परवाना ठीक, नाव ठीक. कंपनीनं एक अवाक्षर न काढता पूर्ण भरपाई मंजूर केली. पण भरपाई घेतली की बोनस शून्य. चूक कंटेनरची असली तरी शून्य. हे लोकांना पटत नाही, मलाही कधी पटलं नाही. मी ते सांगायला टिटवाळ्याला गेले. नाव गेलं होतं, आता गाडी गेली, आणि पन्नास टक्केही मीच काढून घ्यायला आले होते.

सुमनताईंच्या हाताला बँडेज होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “जाऊ द्या, मॅडम. त्यांनी साठवलेलं पोरीच्या कामाला आलं. आणखी काय करायचं होतं त्यांना?” मग प्रज्ञाकडे वळून म्हणाल्या, “आता तुझं तू कमाव.”

मिळालेल्या पैशात थोडी भर घालून प्रज्ञानं नवी छोटी गाडी घेतली. पांढरीच. पहिली पॉलिसी मी काढली, बोनसच्या जागी शून्य. नंतर मी पाटी उतरवायला काढली, तरी तिचं पुढच्या वर्षीचं काम मीच करणार असं कबूल केलं होतं. ते माझ्या हातचं शेवटचं काम.

त्या दिवशी दोघी नौपाड्यात आल्या. चिवड्याचा डबा होता. काम झाल्यावर प्रज्ञा म्हणाली, “काकी, चला, घरी सोडते.” मी पुढे बसले, सुमनताई मागे. गोखले रोडवर आमच्यामागे ही रांग! एक रिक्षावाला बाजूनं काढता काढता ओरडला, “ओ मॅडम, चलो ना, आज घर जाना है!” प्रज्ञानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“अगं, जरा दाब की!” मागून आवाज आला. आणि लगेच माझ्या खांद्यावर टकटक. “मॅडम, किती झाले म्हणालात?”

“वीस टक्के. पहिल्या वर्षाचे. हे तिचे तिनं कमावलेले.”

एक सायकलवाला आम्हाला ओलांडून पुढे गेला. मग सुमनताई हळूच म्हणाल्या, “काढलं हो. पोरीनं बापाचं नाव काढलं.”